सॉफ्ट डिलीट फसतं तेव्हा: ओआरएममधला बग शोधायचा कसा आणि दुरुस्त करायचा कसा

डिलीट केलेली नोंद भलत्याच स्क्रीनवर परत दिसायला लागली, की सगळे आधी कॅशकडे बघतात. कॅश रिकामी करूनही नोंद तिथेच असेल, तर जवळजवळ नक्कीच सॉफ्ट डिलीटची (नोंद न पुसता फक्त लपवण्याची) अट कुठल्यातरी क्वेरीतून गळली आहे. ती गळती नेमकी कुठे आहे हे कसं शोधायचं, दुरुस्ती कुठे करायची आणि तोवर बिघडलेल्या डेटाचं काय करायचं, हे इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं वेगवेगळ्या लायब्ररींची आहेत, कारण बगच्या जाती सगळीकडे त्याच आहेत.

आधी यंत्रणा समजून घेऊ. ओआरएम म्हणजे कोडमधल्या ऑब्जेक्टवरून डेटाबेसच्या क्वेरी रचणारी लायब्ररी. सॉफ्ट डिलीटमध्ये ओआरएम दोन कामं करतं. डिलीट सांगितलं की ते डिलीटऐवजी अपडेट चालवतं आणि डिलीटेड_ॲट या कॉलममध्ये वेळ भरतं. वाचताना ते प्रत्येक सिलेक्टला ‘डिलीटेड_ॲट इज नल’, म्हणजे हा कॉलम रिकामा आहे, ही अट जोडतं. डेटाबेसला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ती नोंद इतर नोंदींसारखीच आहे. म्हणजे नोंद लपवण्याची सगळी जबाबदारी ओआरएमवर येते, आणि ओआरएम ती फक्त स्वतः रचलेल्या क्वेरींपुरतीच पाळू शकतं. पुढची बहुतेक पावलं या एका वाक्यातून निघतात.

पहिलं पाऊल: तक्रार कोणत्या जातीची आहे ते ठरवा

चार प्रकारच्या तक्रारी येतात. डिलीट केलेली नोंद दिसते. जिवंत नोंद दिसेनाशी होते. डिलीट केलेल्याच ईमेलने नवं खातं उघडता येत नाही, किंवा उलट एकाच ईमेलची दोन जिवंत खाती तयार होतात. आणि चौथी, सगळ्यात वाईट: नोंद टेबलातूनच गेलेली असते.

चौथी शक्यता सगळ्यात आधी तपासा. डेटाबेसच्या कन्सोलवर जाऊन, ओआरएमला बाजूला ठेवून, त्या आयडीची नोंद थेट मागा. मिळाली नाही तर बाकी सगळं थांबवा, नवा कोड मागे घ्या आणि बॅकअप कधीचा आहे ते बघा. उरलेल्या तिन्ही प्रकारांत डेटा जागेवर असतो. इथे मात्र तो तासागणिक कमी होत असतो.

दुसरं पाऊल: प्रत्यक्ष एसक्यूएल बघा

मॉडेलचा कोड वाचून हा बग सापडत नाही. कोड बरोबरच दिसतो. बघायचं असतं ते डेटाबेसकडे गेलेलं वाक्य. प्रत्येक लायब्ररीत त्याची सोय आहे: गो भाषेच्या गॉर्ममध्ये क्वेरीच्या साखळीत डीबग जोडा, पीएचपीच्या लॅराव्हेलमधल्या एलोक्वंटमध्ये टू-एसक्यूएल, रुबीच्या रेल्समध्येही त्याच नावाची मेथड, पायथनच्या जँगोमध्ये क्वेरीसेटचा क्वेरी हा गुणधर्म छापून बघा, डॉटनेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये आवृत्ती ५ पासून टू-क्वेरी-स्ट्रिंग आहे, जावास्क्रिप्टच्या सिक्वेलाइझमध्ये लॉगिंगचा पर्याय सुरू करा.

वाक्य हातात आलं की एक साधी मोजणी करा. सॉफ्ट डिलीट असलेली किती टेबलं या क्वेरीत आली आहेत, आणि डिलीटेड_ॲटची अट किती वेळा आली आहे? सबक्वेरीसुद्धा धरा. टेबलं तीन आणि अटी दोन असतील, तर गळती कुठल्या टेबलावर आहे ते तिथेच कळतं. आकडे जुळत असतील, तर अट आहे पण चुकीच्या जागी आहे. ते ओळखायला पुढचं पाऊल.

तिसरं पाऊल: मोजक्या नोंदींचा नमुना तयार करा

प्रकल्प आणि त्याखालचे टास्क अशी दोन टेबलं घ्या. प्रकल्प चार: पहिल्यात एक जिवंत टास्क, दुसऱ्यात एकच टास्क, तोही डिलीट केलेला, तिसऱ्यात टास्कच नाही, चौथा प्रकल्प स्वतः डिलीट केलेला, पण त्याखालचा टास्क जिवंत. एवढ्यावर सॉफ्ट डिलीटचे बहुतेक बग उघडे पडतात. नेहमीच्या टेस्टमध्ये पहिला आणि तिसरा असतो, फार तर चौथा. दुसरा कोणी ठेवत नाही, आणि जॉइनचा बग नेमका त्याच्यात लपतो.

चौथं पाऊल: ‘ऑर’ आणि कंस

एखाद्या माणसाने तयार केलेले किंवा त्याच्याकडे सोपवलेले टास्क हवे आहेत. तयार झालेली अट अशी:

व्हेअर निर्माता_आयडी = ७ ऑर जबाबदार_आयडी = ७ अँड डिलीटेड_ॲट इज नल

एसक्यूएलमध्ये ‘अँड’ची पकड ‘ऑर’पेक्षा घट्ट असते. त्यामुळे डेटाबेस हे ‘निर्माता ७ आहे, किंवा (जबाबदार ७ आहे आणि डिलीट केलेला नाही)’ असं वाचतो. डिलीटेड_ॲटची अट फक्त दुसऱ्या अर्ध्याला लागते. परिणामी स्वतः तयार केलेले टास्क डिलीट केल्यावरही दिसत राहतात, सोपवलेले मात्र नीट गायब होतात. तक्रारीत असा लंगडेपणा दिसला, म्हणजे काही ठिकाणी डिलीट चालतं आणि काही ठिकाणी नाही, की आधी कंस तपासा.

मुरलेल्या लायब्ररी इथे स्वतःहून कंस घालतात. गॉर्मचं सॉफ्ट डिलीट आधीच्या अटींत ‘ऑर’ दिसला की त्या एकत्र बांधून मग आपली अट जोडतं, एलोक्वंट ग्लोबल स्कोपसाठी (मॉडेलच्या प्रत्येक क्वेरीला आपोआप जोडल्या जाणाऱ्या अटीसाठी) हेच करतं. पण स्वतः लिहिलेला स्कोप, स्ट्रिंग जोडून बनवलेली अट किंवा जुनी आवृत्ती असेल तर ही हमी नाही. एलोक्वंटमध्येच एक जवळचा सापळा आहे: रिलेशनवरून क्वेरी सुरू करून पुढे ऑर-व्हेअर जोडला, तर रिलेशनची फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमची) अट कंसात जात नाही, आणि दुसऱ्याच्या मालकीच्या नोंदी निकालात येतात. लॅराव्हेलच्या दस्तऐवजातच ही सूचना दिली आहे. उपाय दोन्हीकडे तोच. ‘ऑर’ असलेल्या अटी क्लोजरमध्ये किंवा ग्रुपमध्ये लिहा, कंस तुमच्या हाताने घातला जाऊ द्या.

पाचवं पाऊल: जॉइन. इथे वेळ काढा

सगळे प्रकल्प हवे आहेत, सोबत त्यांचे जिवंत टास्क असतील तर तेही. म्हणून लेफ्ट जॉइन. आता टास्कच्या डिलीटेड_ॲटची अट कुठे बसली आहे, ऑनमध्ये की व्हेअरमध्ये?

व्हेअरमध्ये असेल तर आपल्या नमुन्यावर काय घडतं ते एकेक करून बघा. पहिल्या प्रकल्पाचा टास्क जिवंत आहे, डिलीटेड_ॲट नल आहे, नोंद टिकते. तिसऱ्याला टास्कच नाही, म्हणून जॉइननंतर टास्कचे सगळे कॉलम नल येतात, डिलीटेड_ॲटही नलच, नोंद टिकते. दुसऱ्याचा एकुलता टास्क डिलीट केलेला आहे. जॉइन जुळतं, डिलीटेड_ॲटमध्ये तारीख असते, व्हेअर ती ओळ फेकून देतं, आणि तिच्यासोबत प्रकल्पही यादीतून जातो. जिवंत प्रकल्प, ज्याला कोणी हातही लावला नाही! टास्क नसलेला प्रकल्प दिसतो, टास्क डिलीट केलेला दिसत नाही. ‘आमचा प्रकल्प अधूनमधून गायब होतो’ अशी तक्रार येते ती यातूनच.

दुरुस्ती म्हणजे ती अट ऑनमध्ये नेणं. मग डिलीट केलेला टास्क जॉइनच्या वेळीच जुळत नाही, टास्कचे कॉलम नल येतात आणि प्रकल्प टिकतो. मूळ टेबलाची, म्हणजे प्रकल्पाची अट मात्र व्हेअरमध्येच राहू द्या. इनर जॉइनमध्ये दोन्ही जागांचा निकाल एकच येतो, त्यामुळे कोणीतरी इनरचं लेफ्ट केलं त्या दिवसापासून हा बग सुरू झालेला असू शकतो. बदलांच्या इतिहासात तो दिवस शोधा.

ओआरएमला असोसिएशन माहीत असेल तेव्हा अट कुठे घालायची हे ते ठरवू शकतं. जॉइन स्ट्रिंग म्हणून लिहून दिला, तर त्या टेबलाची अट ते घालतच नाही. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये उलट्या दिशेचा त्रास होतो: संबंध सक्तीचा म्हणून जाहीर केला असेल तर इनर जॉइन बनतो, आणि मूळ प्रकल्प फिल्टरमुळे लपला की त्याचे जिवंत टास्कही निकालातून जातात. तिथे संबंध ऐच्छिक करा, किंवा दोन्ही बाजूंना जुळणारा फिल्टर लावा. आपल्या नमुन्यातला चौथा प्रकल्प हे उघड करतो.

जँगोमध्ये सॉफ्ट डिलीट अंगभूत नाही, म्हणून लोक मॅनेजर (मॉडेलच्या क्वेरी जिथून सुरू होतात तो वर्ग) लिहून ते करतात. तिथे लक्षात ठेवायचं ते हे: टास्कवरून त्याच्या प्रकल्पाकडे जाताना जँगो बेस मॅनेजर वापरतं, तुमचा फिल्टर लावलेला मॅनेजर नाही. त्यामुळे डिलीट केलेला प्रकल्प टास्कच्या वाटेने खुशाल हाती येतो. बेस मॅनेजरमध्ये नोंदी गाळू नका असं जँगोचं दस्तऐवज सांगतं आणि मला ते पटतं. टेम्प्लेटमध्ये किंवा सिरिअलायझरमध्ये ‘प्रकल्प डिलीट झालेला आहे’ ही स्थिती उघडपणे हाताळलेली बरी.

सहावं पाऊल: अट काढून टाकणाऱ्या जागा

डिलीट केलेल्या नोंदीही बघाव्या लागतात, म्हणून प्रत्येक लायब्ररीत फिल्टर उठवण्याची सोय असते. पूर्ण कोडबेसमध्ये ते शब्द शोधा: अनस्कोप्ड, विथ-ट्रॅश्ड, इग्नोअर-क्वेरी-फिल्टर्स, पॅरानॉइड फॉल्स, विथ-डिलीटेड. प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे आणखी कोणता फिल्टर सोबत उठतो आहे? रेल्समधलं अनस्कोप्ड सगळे डीफॉल्ट स्कोप उतरवतं. एकाच डेटाबेसमध्ये अनेक ग्राहकांचा डेटा असेल आणि ग्राहकाचा फिल्टरही डीफॉल्ट स्कोपमध्येच असेल, तर कचरापेटीच्या स्क्रीनवर सगळ्यांचा कचरा दिसतो. तिथे अनस्कोपला नेमकी डिलीटेड_ॲटची अट सांगून तेवढीच काढा.

एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. एकाच एंटिटीवर हॅज-क्वेरी-फिल्टर दोनदा बोलावलं, तर दुसरा फिल्टर पहिल्याला पुसून टाकतो. एरर येत नाही, सूचना येत नाही. सॉफ्ट डिलीटचा फिल्टर आधी लावलेला होता, नंतर कोणीतरी ग्राहकाचा फिल्टर जोडला, आणि त्या क्षणी डिलीट केलेल्या सगळ्या नोंदी जिवंत झाल्या. क्रम उलटा असेल तर याहून गंभीर. आवृत्ती १० पासून फिल्टरला नाव देता येतं आणि नावानिशी एकेक उठवता येतो. त्याआधीच्या आवृत्तीत दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये ‘आणि’ने जोडा.

हाताने लिहिलेल्या एसक्यूएलला कोणतंच ओआरएम अट जोडत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण रिपोर्ट, डॅशबोर्डवरचे आकडे, रात्री चालणारे जॉब आणि सर्च इंडेक्स भरणाऱ्या स्क्रिप्ट बहुधा असंच एसक्यूएल वापरतात. यांच्यासाठी प्रत्येक टेबलावर फक्त जिवंत नोंदींचा एक व्ह्यू तयार करा आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांना मूळ टेबल वाचण्याची परवानगीच देऊ नका.

सातवं पाऊल: डिलीट खरंच सॉफ्ट आहे का

पहिल्या पावलात नोंद टेबलातूनच गेलेली आढळली असेल, तर कारण बहुधा या तिघांतलं एक असतं.

एक, लायब्ररीला मॉडेल सॉफ्ट डिलीटचं आहे हे कळलेलंच नाही. गॉर्मच्या पहिल्या आवृत्तीत डिलीटेड_ॲट या नावाचं फील्ड असलं की पुरे होतं. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या फील्डचा प्रकार गॉर्मचा स्वतःचा असावा लागतो. वेळेचा साधा पॉइंटर तसाच ठेवून आवृत्ती बदलली, तर कोड कंपाइल होतो, कॉलम जागेवर असतो, आणि डिलीट मात्र खरोखर डिलीट करतं. जुन्या प्रकल्पात गॉर्म वर नेणार असाल तर हे सगळ्यात आधी तपासा.

दोन, एकेक नोंदीचं डिलीट बदललं पण घाऊक डिलीट तसंच राहिलं. जँगोमध्ये मॉडेलची डिलीट मेथड बदलली तरी क्वेरीसेटवरचं डिलीट ती बोलावत नाही. ॲडमिनमध्ये अनेक नोंदी निवडून डिलीट करण्याची सोय हाच रस्ता घेते. क्वेरीसेटचाही वेगळा वर्ग लिहून त्याची डिलीट मेथड बदलावी लागते.

तीन, कॅस्केड. वरची नोंद खरोखर डिलीट झाली आणि फॉरेन कीवर ऑन डिलीट कॅस्केड असेल, तर खालच्या नोंदी डेटाबेस स्वतः काढतो, ओआरएमला विचारतही नाही. याची दुसरी बाजूही आहे. सॉफ्ट डिलीट डेटाबेससाठी अपडेट असतं, म्हणून कॅस्केड चालतच नाही आणि प्रकल्प गेला तरी टास्क जिवंत राहतात. टाइपस्क्रिप्टच्या टाइपओआरएममध्ये सॉफ्ट-डिलीट मेथड कॅस्केड करत नाही, सॉफ्ट-रिमूव्ह करते. नावं सारखी वाटतात म्हणून ही गल्लत होते.

कॅस्केड तुम्ही स्वतः लिहीत असाल तर एक गोष्ट नक्की करा: वरच्या आणि खालच्या नोंदींना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अगदी तीच वेळ द्या. उद्या प्रकल्प परत आणायची वेळ आली, तर ज्या टास्कची डिलीटेड_ॲट प्रकल्पाइतकीच आहे तेवढेच परत आणायचे. ज्यांची वेळ आधीची आहे ते टास्क वापरकर्त्याने स्वतः काढले होते, ते परत आले तर तो आणखी एक बग.

यावर माझा सगळ्यात आवडता उपाय ओआरएमच्या बाहेरचा आहे. ॲप्लिकेशन ज्या डेटाबेस-वापरकर्त्याच्या नावाने जोडलं जातं, त्याच्याकडून या टेबलांवरची डिलीटची परवानगी काढून घ्या. मग लायब्ररी कितीही चुकली तरी डेटा जाण्याऐवजी एरर येते, आणि एरर त्याच दिवशी दिसते. कायमचं पुसण्याचं काम वेगळ्या वापरकर्त्याने चालणाऱ्या वेगळ्या जॉबला द्या. पोस्टग्रेसमध्ये एवढं ध्यानात ठेवा, की वरच्या टेबलावरून आलेल्या कॅस्केडला ही बंदी अडवत नाही, म्हणून परवानगी वरच्या टेबलावरूनही काढा आणि फॉरेन कीवर कॅस्केडऐवजी रिस्ट्रिक्ट ठेवा, म्हणजे खाली नोंदी असताना वरची डिलीटच होणार नाही.

आठवं पाऊल: युनिक इंडेक्स

ईमेलवर साधा युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा) असेल तर डिलीट केलेलं खातं ईमेल अडवून बसतं. यावर लोक पटकन ईमेल आणि डिलीटेड_ॲट अशा दोन कॉलमांचा युनिक इंडेक्स करतात, आणि आधीपेक्षा मोठा घोळ होतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट युनिक तपासताना दोन नल वेगळे मानतात. जिवंत खात्यांची डिलीटेड_ॲट तर नलच असते. म्हणजे ज्या नोंदी वेगळ्या असायला हव्यात, नेमक्या त्यांच्यावरचीच बंदी उठते. एसक्यूएल सर्व्हर दोन नल समान धरतो, त्यामुळे तिथे हा इंडेक्स बरोबर चालतो आणि डेटाबेस बदलल्यावर बिघडतो.

पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये पार्शल इंडेक्स करा: ईमेल युनिक, पण ‘व्हेअर डिलीटेड_ॲट इज नल’ एवढ्यापुरता. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यालाच फिल्टर्ड इंडेक्स म्हणतात. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही. तिथे एक जनरेटेड कॉलम (ज्याची किंमत डेटाबेस इतर कॉलमांवरून स्वतः काढतो) ठेवा, नोंद जिवंत असेल तर त्याची किंमत १, नसेल तर नल. मग ईमेल आणि हा कॉलम मिळून युनिक करा. डिलीट केलेल्या नोंदी कितीही होऊ शकतात, जिवंत एकच. नलचं जे वागणं आधी आपल्या विरुद्ध जात होतं, तेच इथे कामी येतं.

गॉर्मचं सॉफ्ट डिलीटचं वेगळं प्लगइन वापरत असाल, तर त्यात नलऐवजी ० आणि डिलीटची वेळ आकड्यात ठेवता येते, मग दोन कॉलमांचा इंडेक्स नीट चालतो. वेळ सेकंदांत असेल तर एकाच सेकंदात तेच ईमेल दोनदा डिलीट झाल्यावर टक्कर होते. ऑटोमेटेड टेस्टमध्ये हे सहज घडतं. मिलिसेकंद किंवा नॅनोसेकंद निवडा.

इंडेक्स बदलण्याआधी जिवंत नोंदींमध्ये एकाच ईमेलच्या किती आहेत ते ग्रुप करून मोजा. दुहेरी सापडल्या तर माइग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) मधेच थांबेल. कोणती ठेवायची हा निर्णय कोडने घेऊ नये. दोन्हींखालचे संदर्भ बघून, ज्याचा डेटा आहे त्याला विचारून घ्यावा. फॉर्मची तपासणीही सोबत बदला: लॅराव्हेलच्या युनिक नियमाला विदाउट-ट्रॅश्ड सांगितलं नाही तर इंडेक्स परवानगी देतो आणि फॉर्म अडवतो.

नववं पाऊल: बग लायब्ररीतच असेल तर

वरचं सगळं तपासूनही अट गळत असेल, तर चूक लायब्ररीत असू शकते. तसं म्हणण्याआधी नमुना तुमच्या प्रकल्पाबाहेर काढा: दोन टेबलं, त्याच मोजक्या नोंदी, एक क्वेरी, मेमरीतलं एसक्यूलाइट. इथे बग दिसला नाही तर दोष तुमच्या एखाद्या स्कोपमध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे. दिसला तर लायब्ररीची, ड्रायव्हरची आणि डेटाबेसची आवृत्ती, आलेलं एसक्यूएल आणि अपेक्षित एसक्यूएल, एवढं देऊन नोंदवा. ‘सॉफ्ट डिलीट चालत नाही’ एवढ्याने सांभाळणाऱ्यांना काहीच करता येत नाही. मागची आवृत्ती लावून बघून बग नेमका कोणत्या आवृत्तीत शिरला हे सांगितलं, तर दुरुस्ती खूप लवकर होते.

दुरुस्ती येईपर्यंत त्या क्वेरीत अट हाताने लिहा आणि शेजारी कारणाची कॉमेंट ठेवा. लायब्ररी पुढे सुधारली तर तीच अट दोनदा लागेल, निकाल बदलणार नाही. लायब्ररीची आवृत्ती नेमकी बांधून ठेवा. टेस्टमध्ये निकालासोबत तयार झालेलं एसक्यूएलही साठवा, म्हणजे आवृत्ती वर नेताना कुठल्या क्वेरीतून डिलीटेड_ॲट गायब झालं ते फरकातच दिसेल.

नवा प्रकल्प सुरू करत असाल तर निवड अजून तुमच्या हातात आहे. रेल्समध्ये सॉफ्ट डिलीट देणाऱ्या पॅरानॉइया या जेमचे (रुबीच्या लायब्ररीचे) कर्तेच नव्या प्रकल्पांना तो न वापरण्याचा आणि डिस्कार्ड हा दुसरा जेम बघण्याचा सल्ला देतात. डिस्कार्ड डीफॉल्ट स्कोप लावत नाही, डिलीटचा अर्थ बदलत नाही. जिवंत नोंदी हव्यात तिथे ‘केप्ट’ असं लिहावं लागतं. लिहिणं वाढतं, पण विसरलेली अट कोड वाचतानाच दिसते. ज्या नोंदी परत आणण्याची सोय वापरकर्त्याला द्यायचीच नाही, त्यांच्यासाठी मी सॉफ्ट डिलीट वापरणार नाही. डिलीटच्या वेळी ट्रिगरने नोंद वेगळ्या टेबलात टाकावी आणि मूळ टेबलातून खरोखर काढावी. तिथे फॉरेन की, युनिक इंडेक्स आणि कॅस्केड आपापलं काम चोख करतात, आणि कोणत्याही क्वेरीला कसलीही अट जोडावी लागत नाही.